उंबराचं फूल, शेकड्यानं

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात.
मी सदतीस वर्षं ते ब्लेडनं कापलं,
आडवं नाही, उभं, देठापासून तोंडापर्यंत,
आणि काचेच्या बशीत ठेवलं
तेहतीस पोरांपुढं तेहतीस.

माटुंग्याच्या कॉलेजात, वनस्पतीच्या लॅबमध्ये,
हजेरीपटावर वासुदेव गणू पाष्टे,
पोरांच्या तोंडी पाष्टेमामा.

सकाळी सातला माझे कांदे
बाटल्यांच्या तोंडावर बसलेले असत,
बंदराच्या कठड्यावर पाय सोडून बसल्यासारखे.
मुळं नऊच्या आत छाटायची.
उशीर झाला, पेशी दुभंगताना सापडल्या नाहीत,
की मॅडम मलाच बोलायच्या,
जशी काय त्यांची ड्यूटी मी लावतो.
लाल रंगाचा थेंब, काच बत्तीवर जराशी शेकायची,
वरून अंगठ्याचा दाब,
आणि आत एकाचे दोन होता होता गोठलेलं घर,
दोऱ्या दोन्हीकडून ताणलेल्या.
वाटणी पुरती झालेली मी फार कमी पाहिली.

सदाफुलीचे पराग साखरेच्या पाण्यात सोडले
की तासाभरात त्यांना शेपूट फुटतं.
फूल नाही, बीजांड नाही, नुसती काच,
तरी निघतात शोधायला.
हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
लांज्याहून येऊन मला आठ महिने झाले होते.

पण उंबर.
पंपाच्या खोलीमागं, खोडालाच लगडलेला.
आमची रत्नप्रभा दर गुरुवारी त्याला फेऱ्या घालायची
आणि घरी मला म्हणायची, तुम्ही रोज देव कापता.
मी म्हणायचो, पण सरळ कापतो.

कापला की आत भिंतभर फुलं,
राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, शेकड्यानं,
आणि त्यांच्यात ती, काळी, मेलेली.
दार इतकं चिंचोळं, की शिरताना पंख उंबऱ्यातच तुटतात.
आतल्या अंधारात काही फुलं फळवते,
काहींत अंडी घालते, संपते.
तिचे मुलगे जन्मतातच बिनपंखांचे,
पोरींना बाहेर पडायला भिंत पोखरतात
आणि बाहेर काय आहे ते न बघता तिथंच मरतात.
पोरी उडतात. अंगावर पराग, हातात एखाद-दुसरा दिवस.
मॅडम फळ्यावर लिहायच्या: कोट्यवधी वर्षं.
झाडानं चिलट घडवलं, चिलटानं झाड.
कोण आधी वाकलं ते फळ्यावर नसायचं.

एकदा शेवटच्या बाकावरच्या अमुदानं विचारलं,
मॅडमना नाही, मला:
मामा, तिचे पंख कुठायत?
सुई घेतली, तोंडाचे खवले एकेक उलगडले,
अर्धा तास गेला.
दोन होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखे.
तिनं जर्नलात ते दाराबाहेर काढले, नाव घालून.
पुस्तकातल्या आकृतीत नव्हते,
अर्धा मार्क कापला गेला.

आता चेंबूरला असतो, अकराव्या मजल्यावर.
एसीचं पाणी जिथं ठिबकतं
तिथल्या भेगेत उंबर आलाय.
कुठल्या वटवाघळाचं काम, देव जाणे.
सेक्रेटरी तलरेजांनी नोटीस लावली: भिंतीस धोका.
धोका आहेच. मूळ पट्टीसारखं चपटं होऊन
सिमेंटच्या आत गेलेलं मी बोटानं चाचपलंय.
मागल्या वर्षी बुंध्याशी छाटला.
दिवाळीनंतर दोन पानं, तांबूस, लाजल्यासारखी.

समजा वाढला. समजा या भिंतीवर फळं धरली.
हायवे ओलांडून, माहुलच्या रिफायनरीच्या धुरातून
त्याचा एवढासा वास वेगळा काढत
ती इथवर येईल का?
रत्नप्रभा असती तर म्हणाली असती, येईल.
मी लॅबचा माणूस. मला नक्की सांगता येत नाही.

काल नोटीस पुन्हा लागली.
ब्लेड कपाटात आहे, हात अजून सराईत आहे.
तलरेजांना सध्या सांगितलंय,
स्टुलावर चढवत नाही, गुडघे दुखतात.